चर्च सोडलं, पण माती कोण देणार?

बायबलबाईची_नात
सलाम. (नगरकडचे मराठी ख्रिस्ती एकमेकांना सलामच म्हणतात. मागच्या वेळी नुसत्या या शब्दावरून इथे पन्नास प्रतिसाद पडले होते, कृपया परत नको.)

बरेच दिवस लिहू का नको चाललं होतं. लांबण लागणारे, चहा घेऊन बसा.

माझी आजी बायबलबाई होती, म्हणजे मिशनच्या पगारावर गावोगाव पायी फिरून बायकांना शास्त्र वाचून दाखवायची, जमलं तर अक्षरं शिकवायची. तिचे वडील छपन्नच्या (संवत १९५६, म्हणजे १८९९-१९०० च्या) दुष्काळात ख्रिस्ती झालेले. "धान्यासाठी बाटलेले" हे मी शाळेत ऐकलंय, आणि त्यावर आजीचं उत्तर ठरलेलं, की उपाशी माणसाने वाढणाऱ्याला त्याचा देव कोण म्हणून विचारलं तर त्यात चुकलं कुठं? आमच्याकडे रविवारची उपासना बुडवायची तर थर्मामीटर दाखवावा लागायचा.

लग्न होऊन पिंपरीला आले. इथल्या मंडळीत (म्हणजे चर्चच्या सभासदांत) नाव घातलं, नऊ वर्षं संडेस्कूल घेतलं, एक टर्म कमिटीवरही होते. मग जागेचं प्रकरण निघालं. चर्चच्या मागची मोकळी जागा बिल्डरला द्यायची का नाही यावरून दोन पार्ट्या, मग निवडणूक, मग निवडणुकीवर अर्जफाटे, धर्मादाय आयुक्तांकडे चकरा, आणि २०१९ च्या ईस्टरला पहाटेच्या उपासनेला पोचलो तर दाराला दोन कुलपं. दोन्ही पार्ट्यांचं एकेक. पोरं मेणबत्त्या धरून उभी. त्या दिवशी कबरेवरची धोंड बाजूला झाली असं आम्ही पोरांना शिकवायचं आणि इथे दोन कुलपं. फुटपाथवर उभं राहून एक गीत म्हटलं आणि घरी आलो. पुढच्या वर्षी करोना आला, उपासना मोबाइलवर आली, करोना गेला, मी काही परत गेले नाही.

आता रविवारी संध्याकाळी चार घरची अकरा माणसं कुणाच्या तरी हॉलमध्ये जमतो. पाळक (पास्टर) नाही, पंच नाहीत, दानाची थाळी फिरत नाही. उपासना संगीत या गीतपुस्तकातली दोन गीतं, शुभवर्तमानातला (बायबलमधल्या येशूच्या चरित्रातला) एक तुकडा, मग ज्याला जे विचारायचं ते विचारायचं. मार्कचं शुभवर्तमान संपवायला आम्हाला सव्वा वर्ष लागलं, सोळाच अध्याय आहेत त्यात. कारण प्रश्नच तसे निघतात. आमच्यातल्या पेटी वाजवणाऱ्या काकांनी पहिल्याच महिन्यात विचारलं, माझी आई शेवटपर्यंत खंडोबाची होती, मिशनरी दारावर आला तेव्हा तिने त्याला ताक दिलं पण बाप्तिस्मा नाही घेतला, ती आत्ता कुठंय? हा प्रश्न त्यांनी वयाच्या पंचविशीत चर्चमध्ये विचारला होता म्हणे, आणि पाळकसाहेबांनी "प्रार्थनेत राहा" असं सांगितलं होतं. पन्नास वर्षं राहिले बिचारे प्रार्थनेत. आमच्याकडेही उत्तर नव्हतंच, पण त्या दिवशी कुणी त्यांना गप्प नाही केलं.

हे काका जुलैमध्ये गेले. रात्री साडेअकराला, घरीच, ७८ वर्षांचे. मुलगा नाशिकहून निघाला. काकूंची कबर इथेच आहे, २००९ ची, आणि तीच उघडून त्यात ठेवा असं काका शंभरदा बोललेले. पण दफनभूमीत चर्चचं पत्र लागतं. आणि काकांचं नाव वर्गणी थकली म्हणून मंडळीच्या यादीतून काढलेलं. रात्री एक वाजता आम्ही दहा जण त्यांच्या बिल्डिंगखाली उभे, पाऊस, आणि कुणालाच कळेना की फोन कुणाला लावायचा, कारण ज्यांना लावायचा त्या सगळ्यांशी आमचं भांडण. आई माझी पहिल्यापासून म्हणायची, चर्च सोडशील गं, पण माती कोण देणार? मी हसण्यावारी न्यायचे.

हात दुखले. बाकीचं उद्या लिहिते. तोवर मला तुमचं ऐकायचंय, की आम्ही जे करतो त्याला मंडळी म्हणायचं का? आणि पाळकाशिवाय प्रभुभोजन (येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायचा विधी) घ्यावं का, यावर आमच्यातच दोन तट पडलेत.

भिंगारवाला
ओ ताई असं अर्ध्यात काकांना पावसात ठेवून झोपायला जात असतात का. पुढचं लिहा लवकर.

प्रभुभोजनाचं सांगतो. माझा आजा मुक्तिफौजेत (साल्व्हेशन आर्मीत) होता. नगरात मुक्तिफौजेचं बूथ हॉस्पिटल सगळ्यांना माहितीये पण एक गोष्ट लोकांना माहीत नसती, मुक्तिफौजेत प्रभुभोजन नाही आणि पाण्याचा बाप्तिस्मापण नाही. म्हणजे कधीमधी नाही असं नाय, नाहीच. १८८२ ला ही मंडळी मुंबईत उतरली, त्यांचा पुढारी टकरसाहेब, आयसीएसची नोकरी सोडून आलेला, इथं भगवे कपडे घालून स्वतःला फकीर सिंग म्हणवून घ्यायचा. आजा म्हणायचा रोजची भाकरी पोटाला लागली की आभार मान, तेच प्रभुभोजन. त्यामुळं तुमच्या अकरा जणांनी घेतलं काय न घेतलं काय, आमच्या आज्याच्या हिशेबाने दोन्हीकडं पास.

पाळकपुत्र
स्पष्ट बोलतो, राग मानू नका. आयडीवरून कळलंच असेल, वडील ३४ वर्षं पाळक होते, त्यातली २० वर्षं खेड्यात. कमिटीच्या राजकारणाने त्यांचं ब्लडप्रेशर गेलं ते गेलंच, त्यामुळे कुलपांचं वाचून मला काही नवल नाही वाटलं. पण घरात जमणाऱ्या गटांचं मला एक दिसतं की ते आपल्यासारख्यांचेच असतात. तुमच्या अकरा जणांत दारू पिऊन येणारा कुणी आहे का? मध्येच उठून भलतंच बोलणारी म्हातारी आहे का? ज्याचं तोंड बघवत नाही असा एक तरी माणूस आहे का? चर्चमध्ये हे सगळे असतात आणि त्यांच्याच शेजारी गुडघे टेकायचे असतात. आवडीची माणसं गोळा करून गाणी म्हणणं म्हणजे भिशी, मंडळी नव्हे.

प्रभुभोजनाबद्दल, सीएनआयमध्ये (चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये) दीक्षित पाळकाशिवाय ते होत नाही. नियम म्हणून नुसतं सांगत नाही, त्यामागे विचार आहे की भाकर मोडणारा माणूस स्वतःच्या नावाने उभा नसतो, सगळ्या मंडळीने त्याला उभं केलेलं असतं.

वसईचा_केळीवाला
भिशी हाहाहा. पण मुद्दा बरोबर आहे पाळकपुत्र यांचा.

आमच्याकडे कॅथलिकांत तर विषयच संपतो, फादर नाही तर मिस्सा नाही. पण आम्हीही काही फार सुखात आहोत असं समजू नका. माझी पोरगी २२ ची, ती म्हणते पप्पा मिस्साला येते पण प्रवचन चालू झालं की मी मनातल्या मनात बाहेर जाऊन येते. २०२१ नंतर ते सिनॉडचं निघालं ना, रोमपासून थेट धर्मग्रामापर्यंत सगळ्यांना विचारायचं की चर्च कसं असावं, तेव्हा आमच्या वाडीतही बसलो होतो चर्चा करायला, बायकांनी काय काय बोलून दाखवलं, मला वाटलं छप्पर उडतंय. २०२४ मध्ये तिकडे सगळं आटोपलं. आमच्या वाडीत अजून तरी मांडवाच्या खुर्च्या कुणी उचलायच्या यावरच चर्चा होते.

पण वसईत आम्ही चर्च रस्त्यावर उतरलेलंही पाहिलंय. हरित वसई आंदोलनाच्या वेळी टँकर आणि बिल्डर यांच्याविरुद्ध फादर दिब्रिटो उभे राहिले तेव्हा मी शाळेत होतो. तेच पुढे २०२० ला उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, ख्रिस्ती धर्मगुरू म्हणून पहिलेच, तेव्हाही कमी विरोध नाही झाला. असा माणूस समोर असला की "चर्च कशाला हवं" हा प्रश्न पडत नाही. अडचण अशी की दर वाडीला एक दिब्रिटो मिळत नाही.

शंकासुर
एक बाहेरचा (जन्माने हिंदू, आता काहीच नाही) प्रश्न. देव सगळीकडे आहे असं तुम्हीच म्हणता, मग कबर कुठे आणि कुणाच्या पत्राने, याने काय फरक पडतो? विद्युतदाहिनी आहे की.

भिंगारवाला
शंकासुर, तुमच्या आजोबांचं पिंडदान गच्चीवर केलं का हो? नाशिकलाच गेले असाल ना.

शंकासुर
गेलो होतो. :) मुद्दा पोचला.

वसईचा_केळीवाला
तसं दहन आम्हाला १९६३ पासून चालतं बरं का, रोमनेच परवानगी दिलीये. फक्त राख विखरायची नाही, पवित्र जागी ठेवायची, हे २०१६ ला परत बजावून सांगितलं. तरी वसईत अजून सगळ्यांना मातीच हवी असते.

सोनचाफा
मी सहसा वाचनमात्र असते. बायबलबाईची_नात, तुमचा धागा वाचून हात थरथरले.

आमचं चर्च म्हणजे एका मंगल कार्यालयाचा भाड्याचा हॉल. नाव नाही घेत. लग्नानंतर नवऱ्यासोबत जायला लागले, तिथे जे प्रेम मिळालं ना पहिल्या दोन वर्षांत, तेवढं माहेरीही नव्हतं मिळालं हे आधी सांगते, नाहीतर लोक म्हणतात वेडी होतीस का जायला. मग दशांश सुरू झाला. आधी पगाराचा दहावा हिस्सा, मग "पहिलं फळ", मग बिल्डिंग फंड. पास्टरच्या गाडीसाठी मी मंगळसूत्रातले मणी दिलेत. मुलाला दमा. चंगाई सभेत त्याच्यावर हात ठेवले आणि सगळ्यांसमोर त्याचा पंप माझ्याकडून घेऊन कचऱ्याच्या डब्यात टाकला, विश्वास असेल तर हा लागणार नाही म्हणाले. रात्री तीन वाजता पोराचे ओठ निळे. रिक्षात बसून मी देवाला नाही, त्या डब्याला शोधत होते मनात. पोरगा वाचला.

त्यानंतर प्रार्थना म्हणून डोळे मिटले की तो हॉल दिसतो. येशू आवडतो अजून. पण हालेलुया शब्द ऐकला तरी पोटात गोळा येतो. तुमच्या त्या हॉलमध्ये माझ्यासारखी चालेल का, जी गाणार नाही, प्रार्थना करणार नाही, नुसती बसेल?

बायबलबाईची_नात
सोनचाफा, या. नुसत्या बसा. भजी करू. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

(आणि पाळकपुत्र, बघा, आली की नाही वेगळी माणसं भिशीत.)

पाळकपुत्र
मान्य. सोनचाफा, तुमचं वाचून मला माझा प्रतिसाद परत वाचावासा नाही वाटला.

टोरांटोची_आत्या
इथे थंडी पडलीये आणि मी नगरचा धागा वाचत बसलेय, कामं सगळी तशीच. अगं, इकडे उलटी तऱ्हा. चर्चं ओस, विकून त्यांचे फ्लॅट झालेत, रंगीत काचेच्या खिडकीखाली कुणाचं तरी किचन. आम्ही जातो ते युनायटेड चर्चचं आहे, त्याच युनायटेड चर्चमध्ये ग्रेटा व्हॉस्पर नावाच्या पाळकबाई उघड सांगायच्या की मी देव मानत नाही, त्यांची चौकशी बसली आणि शेवटी २०१८ ला समझोता होऊन त्या पदावर राहिल्या. मला पहिल्यांदा वाटलं हे काय आक्रीत. मग म्हटलं, आपल्याकडे देव मानणारे पाळक आणि देव मानणारे पंच एकमेकांवर कुलपं लावतात, त्यापेक्षा हे बरं का वाईट, ठरवता नाही आलं.

मी मात्र जाते ती गाण्यासाठी. रेव्हरंड ना. वा. टिळकांचं एखादं गीत इथे स्वयंपाक करताना म्हणते आणि घरात त्याचा अर्थ कळणारं दुसरं कुणी नाही.

दोन_दाखले
माझा आयडी बघून काहींना कळेल.

चर्चच्या रजिस्टरची, म्हणजे यादीत नाव असण्याची, दुसरी बाजू सांगतो. १९५० चा राष्ट्रपतींचा अनुसूचित जातींचा आदेश आहे, त्यातला तिसरा परिच्छेद. सुरुवातीला फक्त हिंदू, १९५६ ला शीख आले, १९९० ला बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान आजही बाहेर. म्हणजे बाप्तिस्म्याच्या रजिस्टरमध्ये नाव गेलं की अनुसूचित जातीचा दाखला गेला. गावाने आमचा महारवाडा काही बदलला नाही, विहीर तीच, नजर तीच, पण सरकारच्या लेखी येशूने आमची जात धुऊन टाकलेली.

माझे वडील चाळीस वर्षं शेवटच्या बाकावर बसले. बाप्तिस्मा नाही घेतला. कारण आम्हा तिघा भावंडांची शिष्यवृत्ती. प्रभुभोजनाची थाळी समोर आली की ते खाली बघायचे आणि पुढे द्यायचे, त्यांना घ्यायचा हक्क नव्हता. शास्त्र मात्र पाठ. ते वारले तेव्हा चर्च म्हणालं आमच्या पुस्तकात नाव नाही, आणि भावकी म्हणाली हा तर ख्रिश्चन. शेवटी गावाच्या स्मशानात दहन केलं, मी खिशातून नवा करार काढून एक स्तोत्र वाचलं (त्या छोट्या पुस्तकाच्या शेवटी स्तोत्रसंहिता असते). पाळकसाहेब आले होते, पण साध्या कपड्यात, लांब उभे होते.

तेव्हा ताई, तुमच्या प्रश्नावर माझं उत्तर एवढंच, की जिथे माझ्या बापाला भाकर मिळाली असती ती मंडळी.

बायबलबाईची_नात
दोन_दाखले, तुमचं दोनदा वाचलं.

यावर मला टिळकच आठवतात. रेव्हरंड टिळक १८९५ ला ख्रिस्ती झाले, लक्ष्मीबाई त्यानंतर पाच वर्षांनी, हे सगळ्यांना पाठ असतं. पण शेवटच्या दोन वर्षांत काय केलं ते आमच्या चर्चमध्ये कुणी फारसं सांगायचं नाही. १९१७ ला त्यांनी मिशनची पगारी नोकरी सोडली, साताऱ्यात राहिले आणि देवाचा दरबार काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही जागा, अट एकच की ख्रिस्ताचा शिष्य असावं. तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो म्हणणारा माणूस, त्याला त्या पुलावर टोलनाका कशाला हवा असेल? १९१९ ला ते गेले आणि दरबार काही फार टिकला नाही. गंमत म्हणजे त्यांची गीतं मात्र त्याच चर्चच्या पुस्तकात पानोपानी आहेत.

पंडिता रमाबाईंचंही तेच. १८८३ ला इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, आणि लगेच तिथल्या सिस्टरबाईंशी वाद, की ब्राह्मण पुरोहितांचं जू आत्ताच मानेवरून उतरवलंय, आता बिशपांचं घेणार नाही. क्रूसावर लॅटिन अक्षरं कशाला, संस्कृत का नको, इथपर्यंत. त्या बाईने मग पुणे जिल्ह्यातल्या केडगावला हजारो बायका-पोरी सांभाळल्या, आणि मूळ हिब्रू-ग्रीक शिकून अख्खं बायबल साध्या मराठीत आणलं, तेही अडाणी बाईला समजेल असं. आपण वर्गणीवरून भांडतो.

पाळकपुत्र
टिळक आणि रमाबाई दोघंही मोठी माणसं, वाद नाही. पण दरबार टिकला नाही हे तुम्हीच लिहिलंत. केडगावचं मुक्ती मिशन टिकलं, कारण तिथे विहिरी होत्या, शेती होती, छापखाना होता आणि हो, रजिस्टर होतं. कुठली पोर कुठून आली हे लिहिलेलं होतं.

बाकी एक आठवण करून देतो. नगरला आपल्याकडे बिशप नव्हतेच. मिशन अमेरिकन बोर्डाचं, १८३१ पासूनचं, पद्धत अशी की प्रत्येक मंडळी स्वतःचा कारभार स्वतः बघणार. २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला सीएनआय झालं तेव्हा सहा वेगवेगळ्या परंपरा एक झाल्या आणि बिशप आले. वडील म्हणायचे एकी चांगली झाली पण जमिनीचे कागद सगळे एका कपाटात गेले. तेव्हा "घरात जमून आपलं आपण बघू" हे बंड वगैरे नाही, नगरची जुनीच खोड आहे.

भिंगारवाला
आता पाळकपुत्रच ताईच्या पार्टीत आले, धागा बंद करा.

ते पुढचं लिहा ना ओ पण. काका तिथंच आहेत.

संपादक
कालपासून तीन प्रतिसाद उडवलेत. "पैसे घेऊन धर्म बदलला" या छापाचं लिहायचं असेल तर दुसरीकडे. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

बायबलबाईची_नात
हं, पुढचं.

रात्री दीडला मीच सेक्रेटरींना फोन लावला. हेच ते गृहस्थ, ज्यांच्याशी माझी कमिटीत सगळ्यात जास्त जुंपायची आणि त्या दोनपैकी एक कुलूप यांचंच. दुसऱ्या रिंगला उचलला. काकांचं नाव सांगितलं. पलीकडे शांतता, मग म्हणाले, सकाळी सातला ऑफिसला या, आधार कार्ड आणि डॉक्टरचा दाखला आणा, आणि पाच वर्षांची वर्गणी भरावी लागेल. महिना पन्नास, तीन हजार. मला इतका संताप आला की फोन ठेवल्यावर मी जिन्यात बसून शिव्या दिल्या, ज्या बायबलबाईच्या नातीने द्यायच्या नसतात. मेलेल्या माणसाची वर्गणी!

सातला गेले. त्यांनी कपाटातून एक जाडजूड रजिस्टर काढलं, पुठ्ठा सुटलेला, वर शाळेच्या वहीला घालतात तसं खाकी कव्हर. २००९ चं पान उघडलं. काकूंचं नाव, वय, तारीख, रांग, कबरेचा नंबर. आणि शेजारी बारीक अक्षरात कुणीतरी लिहिलेलं, "पतीसाठी राखीव, तोंडी विनंती". काकांनी तेव्हा सांगितलं असणार आणि तेव्हाच्या सेक्रेटरीने लिहून ठेवलं असणार. सोळा वर्षं ते वाक्य तिथे बसून होतं. कमिट्या बदलल्या, कोर्ट झालं, आम्ही निघून आलो, काकांचं नाव वर्गणीच्या यादीतून गेलं, पण या पुस्तकात त्यांची जागा तशीच. काकूंच्या कबरेवरचा दगड कधीच खचून बाजूला पडला होता. हे पान नसतं तर त्या चिखलात कुठली कबर काकूंची हे आम्हाला काय, त्यांच्या मुलालाही सांगता आलं नसतं.

सेक्रेटरींनी पावती फाडली. मग घड्याळ काढून शर्टाच्या खिशात टाकलं आणि आमच्यासोबत निघाले. तिथे त्यांच्या पार्टीतली सहा माणसं आधीच आलेली, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून कबरेतलं पाणी बादल्यांनी उपसत होती. पेटी उतरवताना मी आणि सेक्रेटरी एकाच बाजूला. पाळकसाहेब नवीन होते, काकांना ओळखतही नव्हते, पुस्तकात बघून वाचलं सगळं. सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. नंतर सेक्रेटरी मला म्हणाले, रविवारी या एकदा. मी म्हटलं, कुलूप कुणाचं आहे सध्या? ते हसले नाहीत, मीही नाही.

मी परत गेले नाहीये. जाणारही नाही बहुतेक. पण तेव्हापासून डोक्यात एकच आहे, की आमच्या अकरा जणांकडे, आता दहा, सगळं आहे, प्रश्न आहेत, गाणी आहेत, भजी आहेत. पण आमच्याकडे ते पान नाही. आमच्यातला कुणी उद्या सोळा वर्षांनी गेला तर त्याने तोंडी काय सांगितलं होतं हे कुणाला माहीत असणार?

टोरांटोची_आत्या
रडवलंस गं. तोंडी विनंती.

दोन_दाखले
माझ्या वडिलांचं नाव अशा कुठल्याच पुस्तकात नाही. एवढंच.

वसईचा_केळीवाला
आमच्याकडे फादर दर काही वर्षांनी बदलतात, रजिस्टर तेच राहतं. माझ्या आजोबांच्या आजोबांचा बाप्तिस्मा मी त्यात वाचलाय, शाई तपकिरी झालेली. कधी कधी वाटतं माझा विश्वास येशूवर कमी आणि त्या पुस्तकावर जास्त आहे.

शंकासुर
येशूलासुद्धा कबर दुसऱ्याचीच मिळाली होती ना? कुणीतरी श्रीमंत माणसाने स्वतःसाठी खोदलेली दिली होती असं वाचल्याचं आठवतंय.

पाळकपुत्र
अरिमथाईकर योसेफ. बरोबर. आणि तो ज्या सभेचा सभासद होता तिनेच येशूला दोषी ठरवलं होतं. तुमच्या सेक्रेटरींना सांगा हे, बायबलबाईची_नात. किंवा नका सांगू.

भिंगारवाला
मग करा की तुमचं पण रजिस्टर सुरू. फक्त सांगून ठेवतो, रजिस्टर आलं की सेक्रेटरी आला, सेक्रेटरी आला की निवडणूक आली, निवडणूक आली की कुलूप. क्रम ठरलेलाय.

सोनचाफा
मी गेल्या रविवारी जाऊन आले. कुणी हात नाही ठेवले डोक्यावर. पोराने चौदा भजी खाल्ली. एवढंच सांगायचं होतं.

बायबलबाईची_नात
भिंगारवाला, क्रम अगदी बरोबर आहे हो. आमच्यात याच्यावरूनच परवा दीड तास वाद झाला. एकजण म्हणाली नुसती नावं आणि तोंडी विनंत्या लिहू, दुसरे म्हणाले ख्रिस्ती नसलेल्यांचीही लिहायची का, तिसरे म्हणाले गेलेल्यांचीही लिहू. काकांचं नाव पहिलं आणि त्याच्यावर त्यांच्या आईचं, ताक देणाऱ्या. दोन_दाखले, तुमच्या वडिलांचंही चालेल का, असं मी विचारणार होते, व्यनिमधून कळवा, घाई नाही. प्रभुभोजनाचं अजून ठरलेलं नाही, एक तट म्हणतो पाळकपुत्रांचं बरोबर, दुसरा म्हणतो मुक्तिफौजेचं.

आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, अक्षर चांगलं असणाऱ्याकडे दे, तुझ्याकडे नको ठेवू.

वही आणली आहे, दोनशे पानी, पुठ्ठ्याची. अजून कोरी आहे, म्हणजे पहिल्या पानावर लेकीने त्रैराशिकं सोडवलीत, ते पान फाडायचं का ठेवायचं यावर अजून एकमत नाही. सोनचाफा, या रविवारी आमच्याकडेच, पण पाचला नको, साडेपाचला या, आमच्याकडे पाणी चार ते पाच येतं.